कोणत्या दाराची कडी वाजवायची?

चिनी भाषेत युद्धकलेच्या घराण्याला ‘मेन’ म्हणतात. शब्दाचा साधा अर्थ दार. नवशिक्या मुळाक्षरे गिरवू लागला की तो ‘रुमेन’ झाला, दारातून आत आला. पुढे गुरू ज्याला घरचा समजून शिकवतो, तो दाराआतला शिष्य. आत गेलेल्यांनी लिहिलेले पुष्कळ सापडते. रस्त्यावर उभा राहून पाट्या वाचणाऱ्या आणि यांतल्या कोणाकडे जावे या विचारात पडलेल्या माणसासाठी त्या मानाने कमीच लिहिले गेले आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत त्याला चार प्रकारची उत्तरे मिळाली. कोणी सांगितले, वंशावळ बघ. कोणी म्हणाले, लढून बघ. कोणी प्रमाणपत्र पुढे केले, तर कोणी वैद्यकीय अभ्यास. ही चारही उत्तरे आज एकाच वेळी प्रचारात आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. भांडण कोणाचे बरोबर याचे वाटते खरे, पण बऱ्याचदा चौघेजण ‘चांगली शाळा’ या एकाच शब्दात चार वेगळ्या गोष्टी मोजत असतात.

निवडीची वेळ कधी आली

प्रश्न निदान साडेचारशे वर्षे जुना आहे. मिंग काळातला सेनापती छी जिग्वांग याने किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढण्यासाठी फौज उभी केली आणि 1560च्या दशकात एक कवायतग्रंथ लिहिला. त्यात मुष्टियुद्धाचे 32 पवित्रे आहेत. रणांगणावर नुसत्या हाताच्या लढाईचा फारसा उपयोग नाही, हे तो सुरुवातीलाच मान्य करतो. पण हात-पाय मोकळे करायला, शरीराला वळण लावायला ती नवशिक्याची पहिली पायरी आहे, असे त्याचे मत. मग तो आपल्या काळातल्या नामवंतांची यादी देतो. एकाची लाथ प्रसिद्ध, दुसऱ्याची पकड, तिसऱ्याचे पाडणे, चौथ्याचा ठोसा. प्रत्येकजण आपापल्या जागी थोर, पण एकेकाच बाजूचा, अशी त्याची तक्रार आहे. आजच्या चर्चेत हीच तक्रार जवळपास त्याच रूपात ऐकू येते.

छीच्या काळात आणि त्यानंतरही बराच काळ मात्र सामान्य माणसाला निवड करण्याची पाळी क्वचितच येत असे. विद्या गावात असे, घरात असे, फौजेत असे, किंवा व्यापाऱ्यांचा माल राखणाऱ्या पेढ्यांत असे. हनान प्रांतातल्या चेनजियागौ या गावात चेन आडनावाच्या घरी जन्माला आलात, की शाळा ठरलेलीच. एकोणिसाव्या शतकात यांग लुछान हा परका माणूस तिथे शिकून गेला, ही गोष्ट एवढी अपवादाची होती की तिच्याभोवती दंतकथांचे जाळे विणले गेले.

दार सगळ्यांसाठी उघडले ते शहरात. 1910 साली शांघायमध्ये चिंगवू संस्था सुरू झाली. तिच्याशी नाव जोडलेले हुओ युआनजिया त्याच वर्षी वारले, पण संस्था वाढली. फी भरा आणि शिका, असा तिचा व्यवहार होता. एका छपराखाली अनेक घराण्यांचे शिक्षक, सर्वांना सामाईक असे दहा प्राथमिक पाठ, स्त्रियांसाठी वर्ग, मासिके, छायाचित्रे. क्वालालंपूरपर्यंत तिच्या शाखा पोचल्या. आपल्याकडच्या तालमीतून एकदम जिमखान्यात यावे, तसा हा बदल होता. जुन्या वस्तादांना तो उथळ वाटला आणि शहरी कारकुनाला मोठी सोय झाली. दोघांचेही म्हणणे आजवर टिकून आहे.

1928 साली नानचिंगमध्ये सरकारी आश्रयाने केंद्रीय गुओशू संस्था उभी राहिली. ‘गुओशू’ म्हणजे राष्ट्रीय कला. जनरल झांग झिजियांग तिचे प्रमुख. घराणी मोडून विद्या एक करायची, हा हेतू. प्रत्यक्षात संस्थेची सुरुवातच शाओलिन आणि वुदांग या जुन्या परंपरांच्या नावांच्या दोन विभागांनी झाली, आणि विभाग आपसांत भांडल्यामुळे ती रचना बदलावी लागली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय परीक्षेत समोरासमोरच्या लढती ठेवल्या होत्या. दुखापती वाढल्यामुळे शेवटच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. शिक्षण आणि परीक्षा यांचा मेळ कसा घालायचा, हा पेच असा पहिल्याच वर्षी उघडा पडला.

1949नंतर प्रवाह फुटला. मुख्य भूमीवर सरकारने युद्धकलेला व्यायाम आणि खेळ म्हणून घडवले. 1956 साली ताईचीचा 24 हालचालींचा सोपा पाठ ठरवला गेला, आणि जगातल्या बहुतेक नवशिक्यांची ताईचीशी पहिली गाठ आजही त्याच पाठातून पडते. सांस्कृतिक क्रांतीत जुन्या शिक्षकांचे हाल झाले. त्याआधीच अनेकजण हाँगकाँग, तैवान आणि आग्नेय आशियात गेले होते. हाँगकाँगमध्ये इप मान यांनी 1950च्या सुमारास उपाहारगृह कामगारांच्या संघटनेच्या जागेत विंग चुन शिकवायला सुरुवात केली. तिथल्या शाळा म्हणजे बहुधा एखादी खोली, लागूनच हाडवैद्याचा दवाखाना, आणि गर्दी झाली की सराव गच्चीवर.

त्या शहराचा ज्वर 1954च्या जानेवारीत चढला. ताईचीचे वू गोंगयी आणि पांढऱ्या बगळ्याच्या शैलीचे छान हाकफू यांची जाहीर लढत मकावमध्ये झाली. दोन फेऱ्यांत पंचांनी ती थांबवली आणि कोणालाच विजयी घोषित केले नाही. काही दिवसांतच लिआंग युशेंग यांनी हाँगकाँगच्या एका दैनिकात युद्धवीरांची कादंबरी क्रमशः सुरू केली आणि त्या साहित्याची नवी लाट आली. लढतीतून निकाल निघाला नाही, पण कादंबऱ्या निघाल्या आणि पुढे चित्रपट. 1970च्या दशकात ब्रूस ली आणि 1982 साली जेट लीचा ‘शाओलिन टेंपल’ पाहून जगभरची मुले शाळा शोधत निघाली, ती चित्र आधीच डोक्यात घेऊन. आजचा नवशिक्याही दाराशी कोरा येत नाही.

पहिली कसोटी: गुरू कोणाचा शिष्य

परंपरावाद्यांचे म्हणणे नीट ऐकले तर ते केवळ अभिमानाचे नाही. ही विद्या अंगातून अंगात जाते. दोघांच्या मनगटांचा स्पर्श ठेवून करायच्या ‘तुईशौ’सारख्या सरावात समोरच्याचा जोर कुठून येतो हे त्वचेनेच कळावे लागते, आणि ते कळलेल्या माणसाला हात लावूनच दुसऱ्याला कळते. म्हणून शिक्षकाने कोणाच्या हाताखाली, किती वर्षे, कोणत्या गावात घालवली, हे विचारणे रास्त आहे. चेन घराण्याचा माणूस आपली पिढी सांगतो तेव्हा तो आपल्या शिक्षणाचा दाखलाही देत असतो.

या व्यवस्थेचे मुख्य द्वार म्हणजे ‘बायशी’. शिष्य गुरूपुढे वाकतो, चहा देतो, लाल पाकीट ठेवतो, साक्षीदारांसमोर नाते जाहीर होते. आपल्या शास्त्रीय संगीतातले गंडाबंधन आठवले की बाकी समजावून सांगावे लागत नाही. तिथल्यासारखाच एक फरक इथेही आहे. वर्गात फी भरून येणारा विद्यार्थी वेगळा आणि गंडा बांधलेला शिष्य वेगळा. पहिल्या महिन्यात नवशिक्याला शिष्य करून घेण्याची घाई कोणताही जुना जाणता गुरू करत नाही. घाई दिसली तर ती परंपरेलाही धरून नाही, एवढे परंपरावादीच सांगतात.

आक्षेप दोन बाजूंनी आले. पहिला इतिहासकारांचा. तांग हाओ यांनी 1930 साली शाओलिन-वुदांगच्या उगमकथांची चिरफाड केली. बोधिधर्माने शाओलिनला युद्धकला दिली आणि झांग सानफेंग या साधूने ताईची निर्माण केली, या दोन्ही कथांना त्यांनी आधार नाही असे दाखवले. पुढे मेइर शाहार यांच्या 2008च्या शाओलिनवरील ग्रंथाने बोधिधर्माची कथा सतराव्या शतकातल्या एका व्यायामग्रंथापर्यंत मागे नेली, त्याहून मागे नाही. बोधिधर्म दक्षिण भारतातला मानला जात असल्याने आपल्याकडे ‘कुंग फू मूळचे आपलेच’ हे वाक्य वर्गावर्गांतून ऐकू येते. त्या वाक्याची मदार याच कथेवर आहे. विंग चुन एका भिक्षुणीने निर्माण केली या उगमकथेबाबतही बेन जडकिन्स आणि जॉन निल्सन यांनी 2015 साली असेच काम केले आणि या कलेचा खरा पट दक्षिण चीनमधल्या अलीकडच्या सामाजिक उलथापालथीत शोधला.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. वंशावळ सांगते कोणी शिकवले. काय शिकले गेले ते सांगत नाही. शिवाय वंशावळीचा बाजार झाला, हे खुद्द चिनी वुशू (युद्धकला) संघटनेनेच मान्य केल्यासारखे आहे. स्वतःला घराण्याचा प्रमुख, ‘अस्सल परंपरेचा’ किंवा महागुरू म्हणवून घेऊ नका, असे आवाहन तिने 2020 साली केले.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटते. खोट्या दंतकथेवर विश्वास ठेवणारा शिक्षक उत्तम शिकवणारा असू शकतो, आणि इतिहास चोख सांगणारा सुमार. उगमकथा खरी की खोटी याचे उत्तर मिळाले तरी शाळा बरी की वाईट हे कळलेले नसते.

दुसरी कसोटी: लढून दाखवा

27 एप्रिल 2017 रोजी छंगदूमध्ये मिश्र युद्धकलेचे प्रशिक्षक शू शियाओदोंग यांनी ताईचीगुरू म्हणवणाऱ्या वेइ लेइ यांना अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडले. चित्रफीत देशभर फिरली. अशा खासगी लढती युद्धकलेच्या नीतीला धरून नाहीत, असे चिनी वुशू संघटनेने म्हटले. 2020 साली मा बाओगुओ हे वयस्कर ताईचीगुरू एका हौशी स्पर्धकाकडून अर्ध्या मिनिटात तीनदा खाली पडले आणि चिनी महाजालावर चेष्टेचा विषय झाले.

या बाजूचा युक्तिवाद साधा आहे. प्रतिकार न करणाऱ्या जोडीदाराबरोबर केलेला सराव माणसाला फसवतो. अमेरिकेतले प्रशिक्षक मॅट थॉर्नटन यांनी यासाठी ‘जिवंतपणा’ अशा अर्थाचा शब्द रूढ केला. समोरचा हलतो आहे, विरोध करतो आहे, वेळ चुकवतो आहे, अशा सरावालाच ते सराव मानतात. जिथे नवशिक्याला महिनोन्‌महिने कोणीच खरा धक्का देत नाही ती शाळा म्हणजे नृत्याचा वर्ग, असे या मताचे कडवे लोक म्हणतात. चिनी भाषेत यासाठी आधीच एक शिवी होती: फुलांच्या मुठी आणि भरतकामाचे पाय. म्हणजे आरोप बाहेरून आलेला नाही, घरातलाच आहे.

उत्तरपक्षही वजनदार आहे. वेइ लेइ हरले म्हणून ताईची हरली का? त्या दिवशी एक माणूस हरला. शिवाय ‘चिनी कला लढू शकत नाही’ असे म्हणताना ‘सान्दा’ कुठे ठेवायची? ठोसा, लाथ आणि उचलून आपटणे असलेला हा लढतीचा खेळ 1979पासून चीनमध्येच प्रयोग करून घडवला गेला. 2019 साली मिश्र युद्धकलेच्या यूएफसी स्पर्धेची पहिली चिनी विजेती ठरलेली झांग वेइली सान्दातूनच आली. शुआइजिआओ ही चिनी कुस्ती तर अंगाला अंग लावल्याशिवाय शिकताच येत नाही. म्हणजे ज्याला लढायचे आहे त्याला चिनी परंपरेतच जागा आहे. फक्त ती जागा चित्रपटात दिसते तशी नाही.

खरा न सुटलेला मुद्दा ‘थाओलू’चा आहे. थाओलू म्हणजे एकट्याने करायची ठरावीक हालचालींची माळ. घराण्यांचा बहुतेक अभ्यासक्रम त्यांतच बांधलेला असतो. एक मत म्हणते, थाओलू ही लढाईची तालीम. दुसरे म्हणते, ती आठवणीची वही, डाव विसरू नयेत म्हणून. तिसऱ्या मताप्रमाणे ती विधी, कसरत आणि खेळ यांचे मिश्रण आहे, आणि तिच्यावर लढाईचे ओझे टाकणेच चूक. ठरावीक हालचाली घोटवल्याने अनपेक्षित हल्ल्यात किती मदत होते, यावर या तिघांचे एकमत झालेले नाही. नवशिक्याने तोवर एवढेच पाहावे: शाळा थाओलू शिकवून थांबते, की त्यातला एखादा डाव बाहेर काढून दोघांत, हळूहळू जोर वाढवत, करायला लावते? दुसरे दिसले तर निदान शाळेने प्रश्न टाळलेला नाही.

तिसरी कसोटी: कागद

1983 ते 1986 या काळात चीनमध्ये सरकारी पातळीवर घराण्यांची मोजदाद झाली आणि स्वतंत्र पद्धत असलेल्या 129 शैली नोंदवल्या गेल्या. इतक्या शैलींच्या शिक्षकांना एका मापाने कसे मोजायचे? 1998 साली त्यासाठी नऊ पायऱ्यांची ‘दुआनवेइ’ पद्धत आली. खेळाच्या बाजूला 1990 साली आंतरराष्ट्रीय वुशू महासंघ स्थापन झाला, त्याच वर्षी बीजिंग आशियाई स्पर्धेत वुशूचा समावेश झाला आणि पुढच्या वर्षी पहिली जागतिक स्पर्धा भरली.

समर्थक म्हणतात, लेखी दर्जा असला की पालकाला निदान काही विचारता येते. शिक्षक महासंघाशी जोडलेला असेल तर तक्रार करायला जागा असते, विमा आणि वयोगटाचे नियम असतात. विरोधकांचे म्हणणे, स्पर्धेच्या गुणपत्रिकेने उड्या उंच केल्या आणि मुळे पातळ केली. दोघांनी दिलेली उदाहरणे खरी आहेत.

आपल्याकडे हा मुद्दा थोडा वेगळा येतो. भारतात वुशू शालेय राष्ट्रीय स्पर्धांत आहे आणि महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या क्रीडागुणांमुळे पालक कागदाकडे आधी बघतात. सान्दात रोशिबिना देवीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. ही त्याच व्यवस्थेतून आलेली खेळाडू. दुसरीकडे गल्लीतल्या सभागृहात ‘कराटे–कुंग फू’ अशी जोड पाटी असते, आत शिकवले जाते ते बहुधा कराटे, आणि दर काही महिन्यांनी पट्ट्याचा रंग बदलतो. रंगीत पट्ट्यांची पद्धत जपानी ज्यूदोतून आली. चिनी शाळांत ती परदेशी शाखांनी विसाव्या शतकात उचलली. ती असणे हा दोष नाही. पट्ट्याच्या परीक्षेची फी मासिक फीपेक्षा जास्त दिसली तर मात्र थोडे थांबावे. इंग्रजी जगात अशा दुकानांना ‘मॅकडोजो’ असा टोमणा आहे. आपल्याला वडापावच्या गाडीवरून एखादा सुचायला हरकत नाही, पण वडापाव निदान जे म्हणतो तेच असतो.

चौथी कसोटी: तब्येत

लढायचेच नाही, पाठ धरली आहे, डॉक्टरांनी ताईची करा म्हटले आहे, असा नवशिक्या आता संख्येने मोठा आहे. त्याच्यासाठी पुरावाही सर्वांत बरा आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ओरेगॉनमधील चाचणीत पार्किन्सनच्या 195 रुग्णांमध्ये ताईची करणाऱ्यांचा तोल इतर दोन व्यायामगटांपेक्षा सुधारला. 2018च्या दुसऱ्या चाचणीत पडण्याचा धोका असलेल्या सत्तरीपुढच्या 670 जणांमध्ये ताईची गटाचे पडणे ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा 58 टक्क्यांनी कमी झाले. 2020च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने ताईचीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. जाहिरातीत हे आकडे आणि हा मान बरोबरीने झळकू लागले.

इथे एक सूक्ष्म घोटाळा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. 2018च्या चाचणीत वापरला तो पाठ आठ हालचालींचा, तोल सुधारण्यासाठी मुद्दाम घडवलेला, ठरावीक पद्धतीने शिकवलेला होता. त्याचा निकाल कोपऱ्यावरच्या कोणत्याही ताईची वर्गाला आपोआप लागू होत नाही. खोल बैठकीत गुडघा पावलाच्या रोखाबाहेर वळू देणारा वर्ग तब्येतीच्या नावाखाली गुडघेच घालवू शकतो. म्हणून तब्येतीसाठी जाणाऱ्याने इतिहास किंवा पदके विचारण्यापेक्षा एकच पाहावे: शिक्षक वर्गातल्या लोकांचे गुडघे पाहतो का? वयस्कर बाईला बैठक वर ठेवायला सांगतो का?

चौघांना जे मान्य आहे

भांडणाच्या आवाजात ही यादी हरवते. वंशावळवाले, लढणारे, कागदवाले आणि तब्येतवाले या चौघांशी बोलले तर काही गोष्टींवर त्यांचे फारसे दुमत आढळत नाही.

आधी एक वर्ग कडेला बसून पाहायला मिळावा. शिक्षक स्वतः कोणाकडे, किती काळ शिकला, हे विचारल्यावर उत्तर सरळ मिळावे. मोठे नाव नसले तरी चालेल. शिक्षक चुका दुरुस्त करत फिरतो की समोर उभा राहून फक्त स्वतः करून दाखवतो, हे पंधरा मिनिटांत कळते. नवशिक्यांना थेट लढतीत ढकलणे आणि त्यांना कधीच लढतीजवळ न नेणे, दोन्ही टोके सगळ्यांना खटकतात. न स्पर्शता विद्यार्थ्याला फेकून देणारा गुरू दिसला, तर चौघांपैकी तिघे हसतील आणि चौथा विषय बदलेल.

माझ्या मते या यादीत सर्वांत उपयोगी निकष कोणीच मोठ्याने सांगत नाही. गुरूकडे पाहू नये. गुरू उत्तमच दिसतो, तो वीस वर्षे करतो आहे. दोन-तीन वर्षे झालेल्या विद्यार्थ्यांकडे पाहावे. ते शाळेचे खरे उत्पादन. त्यांचे पाय जमिनीवर नीट आहेत का, जोडीदाराला ते सांभाळून घेतात का, नवशिक्याशी बोलताना अंगात आलेला आव दिसतो का. दोन वर्षांनी आपण साधारण तिथे असू. मी एकदा एका वर्गाच्या दाराशी उभा होतो. गुरू खरोखर विलक्षण होते. मागच्या रांगेतले तीन वर्षांचे विद्यार्थी मात्र त्यांच्या बोलण्याची, चालण्याची, दाढी कुरवाळण्याची नक्कल शिकले होते, आणि पवित्रा घेतला की हलत होते. मी पैसे भरले नाहीत. निकष माझा आहे आणि अपुरा आहे. नव्या शाळेत जुने विद्यार्थीच नसतात, आणि तिथे तो कामाचा नाही.

शैली कोणती, हा प्रश्न नवशिक्या सर्वांत आधी विचारतो आणि जाणकार सर्वांत शेवटी. उत्तरेची लांब पल्ल्याची, लाथेची शैली की दक्षिणेची हाताची, अंतर्गत की बाह्य, याचा गोंधळ घालण्यात अर्थ थोडा आहे. अंतर्गत-बाह्य ही विभागणीच 1669 साली हुआंग झोंगशी यांनी लिहिलेल्या एका मृत्युलेखातून पुढे आली, आणि तिच्यात युद्धकलेइतकेच त्या काळचे राजकारण आहे असे अनेक अभ्यासक मानतात. घरापासून वीस मिनिटांवर एक बरा शिक्षक असेल, तर दोन तासांवरची मनासारखी शैली पहिल्या पावसाळ्यात मागे पडते.

जे अजून ठरलेले नाही

चीनमध्ये जाऊन शिकावे का? शाओलिन मंदिराजवळच्या दंगफंग परिसरात निवासी शाळांची रांग आहे. त्यांतल्या तागोउ या शाळेत हजारो मुले शिकतात, आणि परदेशी प्रौढांसाठी वेगळ्या खासगी अकादम्याही निघाल्या आहेत. मुलांसाठी तो शिक्षणाचा आणि नोकरीचा मार्ग असतो. तिशीतल्या परक्या नवशिक्याला तीन महिन्यांत तिथून काय मिळते, यावर तिथे जाऊन आलेल्यांमध्येच एकवाक्यता नाही. काहीजण शरीर बदलल्याचे सांगतात, काहीजण दुखावलेला घोटा.

दुसरा उघडा प्रश्न पडद्यावरून शिकण्याचा. हाँगकाँगमध्ये 2012पासून जुन्या गुरूंच्या हालचालींची त्रिमित नोंद करणारा एक संग्रह तयार होतो आहे. जतनासाठी तो अमोल आहे. त्यातून नवशिक्याला शिकता येईल का, की ती फक्त आधीच शिकलेल्याची आठवण ताजी करील, यावर वाद चालू आहे. सान्दाचे प्रशिक्षक ठामपणे नाही म्हणतात. ताईचीचे काही शिक्षक पहिली चोवीस पावले पडद्यावरून द्यायला तयार आहेत.

तिसरा मुद्दा मुलांच्या सुरक्षिततेचा. गुरूच्या शब्दाला प्रश्न न करण्याची रीत ज्या परंपरेत गुण मानली जाते, तिथे गैरप्रकाराविरुद्ध बोलण्याची वाट कोणी ठेवायची, घराण्याने, संघटनेने की पालकांनी, याबद्दल चर्चा उशिरा सुरू झाली आहे आणि तिने अजून ठरलेले रूप घेतलेले नाही.

आणि सोडून गेलेले. या विषयावरचे जवळजवळ सगळे लेखन टिकून राहिलेल्यांचे आहे. पहिल्या सहा महिन्यांत निघून गेलेल्यांना कोणी विचारत नाही, म्हणून ‘ही पद्धत चांगली’ म्हणणारे बहुधा ती सोसलेलेच असतात. गेल्या वर्षी आलेल्यांपैकी आज किती आहेत, हा प्रश्न मी अलीकडे तीन वर्गांत विचारला. एका ठिकाणी शिक्षक हसले. दुसऱ्या ठिकाणी, जे गेले ते मेहनतीचे नव्हते, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी शिकवणाऱ्या बाईंनी कपाटातून वही काढली आणि एकेक नाव वाचून कारण सांगितले: बदली, बाळंतपण, नाईट शिफ्ट, फी. एका नावापाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, त्याचा गुडघा माझ्या लक्षात यायला हवा होता. मग वही मिटून त्यांनी मला पुढच्या रांगेत जागा करून दिली आणि बैठक जरा वर ठेवायला सांगितली.